छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन: प्लग लावण्यापासून स्लॅग झाडेपर्यंत काय कधी करायचं

खांद्यावर अडकवून नेता येईल असं २०० अँपिअरचं सिंगल फेज मशीन आता गावात घरटी नाही तरी वस्तीला एक झालंय. गेट, गोठ्याचा पत्रा, ट्रॉलीचं फाळकं, तुटलेला कुळव, सगळं घरच्या घरी. पण माझ्या शेडवर जी मशीनं आणि जे जोड दुरुस्तीला येतात ते बघितले की एकच गोष्ट दिसते, चूक रॉड धरणाऱ्या हातात कमी असते आणि रॉड पेटवायच्या आधी जे करायचं ते न केल्यात जास्त असते. खोक्यातनं मशीन काढलं, प्लग घातला, अर्थिंगचा चिमटा दिसेल तिथं लावला आणि घासायला सुरुवात. म्हणून खाली आधीच्या तयारीवरच जास्त लिहिलंय, तो भाग सोडून थेट रॉडवर जाऊ नका.

१. आधी वीज मोजा

मशीनवर १०० आकडा दिसतो म्हणून बोर्डातनं १०० अँपिअर येत नाहीत. आर्कचा, म्हणजे रॉड आणि लोखंडाच्या मधल्या पेटत्या ठिणगीचा, व्होल्टेज २४ च्या आसपास असतो, म्हणजे १०० गुणिले २४, २४०० वॅट, आणि मशीनचा स्वतःचा लॉस वगैरे धरला तर सप्लायमधनं साधारण १७-१८ अँपिअर ओढले जातात. त्यामुळं घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हे मशीन कधीच नाही. चांगल्या वायरिंगचं १६ अँपिअरचं सॉकेट असेल तर २.५ मिमी रॉडचं काम निघतं. ३.१५ चा रॉड रोज चालवायचा असेल तर मीटरपासून वेगळी लाइन, ४ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि इंडस्ट्रियल सॉकेट हे इलेक्ट्रिशियनकडनं करून घ्या.

एक्सटेन्शन हा दुसरा घोळ. कूलरची १ स्क्वेअरची वायर ३० मीटर लांब ओढली तर १७ अँपिअरला १८ व्होल्टच्या आसपास त्या वायरीतच जातात, ४ स्क्वेअरची असेल तर पाचाच्या आत. गावात संध्याकाळी आधीच १९० व्होल्ट असतात, त्यातनं १८ गेले की रॉड चिकटणारच, त्यात मशीनचा दोष नाही. आणि वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं.

आता शेतातलं. मोटारीच्या पेटीतनं वीज घेताना सगळ्यात जास्त मशीनं जळतात. पेटीत तीन फेज असतात, न्यूट्रल बऱ्याच ठिकाणी विहिरीपर्यंत आलेलाच नसतो. मग कुणी दोन फेज घेतं, तिथं २३० नाही तर ४०० च्या वर व्होल्ट असतात. माझं पहिलं मशीन असंच गेलं. पाइपलाइनच्या स्टँडचा एक टाका मारायचा होता, अंधार पडत आलेला, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर गाडीच्या डिकीत होता तो आणायचा कंटाळा केला, दोन वायरी लावल्या आणि स्विच वर केला. पंखा एकदा गरकन फिरला, आतनं फट् आवाज झाला आणि जाळीतनं पांढरा धूर. सगळा प्रकार दोन सेकंदांचा. तेव्हापासून मीटर मशीनच्या पट्ट्यालाच बांधलेला असतो.

काही जण एक फेज घेतात आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत पहार ठोकून तिला वायर जोडतात. हे त्याहून वाईट. त्या पहारीतनं करंट जमिनीत जातो, आजूबाजूची ओली जमीन जिवंत होते, बैल नाहीतर माणूस तिथनं गेला तर संपलं. असं करू नका, दुसऱ्या कुणी केलं असेल तर थांबवा.

जनरेटर वापरत असाल तर ५ केव्हीएच्या खाली जाऊ नका. आधी जनरेटर चालू करून स्थिर होऊ द्या, मग मशीनचा स्विच. बंद करताना उलटं.

> तपासा: प्लग घालायच्या आधी मल्टिमीटरनं फेज-न्यूट्रल मोजा. २०० ते २४० च्या मध्ये असेल तरच पुढं जा. थ्री पिनची अर्थिंगची पिन काढलेली नाही ना, आणि तिच्यामागं खरंच अर्थिंग आहे ना, ते बघा. लाइनवर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर उत्तम.

२. अंगावर काय आहे

जाड सुती फुल शर्ट, फुल पँट, बंद चामडी बूट, लांब चामडी हातमोजे. टेरिकॉट, नायलॉन, ट्रॅकपँट नको, ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. पँट खालनं दुमडलेली नको, दुमडीत ठिणगी जाऊन बसते. चप्पल आणि लुंगीवर काम करणारे रोज दिसतात, त्यांच्या पावलांवरचे डागही दिसतात. खिशात लायटर ठेवू नका, अंगठी आणि कडं काढून ठेवा.

तोंडासमोर धरायची वेल्डिंगची काच १० नंबरची. २.५ आणि ३.१५ च्या रॉडला ती पुरते, बारीक रॉडला ९ चालते, १७५ अँपिअरच्या वर ११. साधा गॉगल म्हणजे वेल्डिंगची काच नाही, हातानं डोळे झाकून टाका मारणं म्हणजे तर डोळे विकणं. ऑटोमॅटिक हेल्मेट असेल तर कामाच्या आधी डोक्यावर न घालता, हातात धरून, टेस्टचं बटण दाबा किंवा काचेचं तोंड उन्हाकडं करा, काळी झाली पाहिजे. नाही झाली तर ते हेल्मेट बाजूला.

आमच्या शेडवर एक पोरगा जॉब, म्हणजे वेल्डिंग करायचं लोखंड, धरायला होता, वेल्डिंग त्यानं केलंच नव्हतं, फक्त चॅनल धरून उभा होता आणि दर टाक्याला मान वळवायचा. दिवसभर काही झालं नाही. रात्री दीड वाजता त्याचा भाऊ गाडीवर घेऊन आला, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, गालावरनं पाणी, आणि म्हणत होता डोळ्यात वाळू भरलीय काढा. आर्कचा त्रास असाच येतो, लगेच नाही, सहा ते बारा तासांनी. त्यात बटाट्याचे काप, कांद्याचा रस, कुणाचं दूध असलं काही घालू नका. डोळे चोळायचे नाहीत, अंधारात बसायचं, मिटलेल्या पापणीवर थंड पाण्याची घडी, आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. मेडिकलमधनं डोळा बधिर करायचे थेंब आणून घालत राहू नका, दुखणं कळत नाही आणि जखम वाढते. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण बघणाऱ्यालाही काच लागते हे धरून चाला. मदतनीस, शेजारी, कुतूहलानं आलेली पोरं, सगळ्यांना.

३. जागा, आणि कशाला हात लावायचा नाही

कोरडी जागा. जमीन ओली असेल तर पायाखाली लाकडी फळी किंवा रबरी मॅट. रॉड चालत नसतानाही होल्डर (रॉड पकडायची मूठ) आणि जॉबमध्ये ६०-८० व्होल्ट असतात, घामानं भिजलेल्या हातमोज्याला तेवढे पुरतात, म्हणून मोजे भिजले की बदला. पाऊस असेल तर काम बंद.

दहा मीटरच्या आत कडबा, पेंढा, बारदान, डिझेल, रंगाचे डबे, थिनर नको. जवळ पाण्याची बादली आणि वाळू, जमलं तर पावडरचा सिलिंडर. मशीन चालू असताना त्याच्यावर पाणी मारू नका, आधी प्लग काढा.

हे जॉब हातात घ्यायचेच नाहीत:

बंद ड्रम, डिझेलची टाकी, ऑइलचा पिंप, रिकामा असला तरी. उलट रिकाम्यातच वाफ भरलेली असते आणि तीच फुटते. धुतलाय, महिनाभर उन्हात होता, झाकण उघडं आहे, यातलं कुठलंही कारण चालत नाही. बंद पाइपसुद्धा आधी एक भोक पाडल्याशिवाय नको.

ब्रेक क्लीनर किंवा डिग्रीझर मारलेला भाग. त्यातल्या काही स्प्रेमध्ये क्लोरीन असतं आणि आर्कच्या उजेडात त्याचा विषारी वायू होतो. साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळू द्या.

जीआय पाइपचं काम करता येतं, पण जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जस्त घासून काढा आणि उघड्यावर, वारा पाठीमागनं किंवा बाजूनं घेऊन करा. पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो मलेरिया समजून माणसं गोळ्या खात बसतात.

छातीत पेसमेकर असलेल्या माणसानं डॉक्टरला विचारल्याशिवाय मशीनजवळ थांबू नये.

४. केबल जोडणे

मशीन बंद, प्लग बाहेर, मग केबल. पुढं केबल अडकवायचे दोन कपलर असतात, प्लस आणि मायनस. खाच बघून आत घाला आणि उजवीकडं फिरवून घट्ट करा. नुसतं आत गेलं म्हणजे बसलं नाही. ढिला कपलर तापतो, तापला की प्लास्टिक वितळतं, मग सॉकेटच बदलावं लागतं, असली मशीनं महिन्याला येतात.

होल्डर कुठं लावायचा? रॉडच्या पुड्यावर त्याच्या जातीचा नंबर असतो, त्यातला ६०१३ दोन्हीकडं चालतो. पातळ पत्रा किंवा पाइप असेल तर होल्डर मायनसला लावा, भोक पडायचं कमी होतं. जाड कामाला प्लस. ७०१८ चा रॉड मात्र या मशीनवर प्लसलाच. पुड्यावर छापलेलं असतं, वाचा.

५. अर्थिंगचा क्लॅम्प

नाव अर्थिंगचा क्लॅम्प आहे पण याचा भिंतीतल्या अर्थिंगशी संबंध नाही. हा करंटचा परतीचा रस्ता आहे. होल्डरमधनं निघालेले शंभर अँपिअर जॉबमधनं या क्लॅम्पमार्गे मशीनमध्ये परत येतात, रस्ता चांगला नसेल तर आर्क थरथरतो. मशीनला हा क्लॅम्प आहे म्हणून थ्री पिनची अर्थिंग लागत नाही असं समजणारे भेटतात, तसं नाही, दोन्ही लागतात.

क्लॅम्प जॉबलाच लावा, जोडाच्या जवळ, घासून पांढऱ्या केलेल्या लोखंडावर. रंगावर, गंजावर लावू नका. गेटच्या एका झडपेला वेल्डिंग आणि क्लॅम्प दुसऱ्या झडपेला, असं केलं तर सगळा करंट बिजागरीतनं जातो आणि तिथं आतल्या आत ठिणग्या पडून पिन खाल्ली जाते. ट्रॉलीच्या चाकाकडं क्लॅम्प लावला तर बेअरिंग जातं, आवाज आठवड्यानं येतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

> सावधान: ट्रॅक्टर, पिकअप किंवा त्यांना जोडलेल्या अवजारावर काम असेल तर आधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढा, नवीन गाडीत कंट्रोल युनिटचे कनेक्टरही. अवजार गाडीपासून सोडवता येत असेल तर सोडवाच.

६. रॉड आणि अँपिअर

नवशिक्यानं ६०१३ च घ्यावा. सुरुवात इथनं करा, मग भंगारावर बघून वर-खाली:

२ मिमी रॉड: ४० ते ६०, दीड मिमीच्या आसपासचा पत्रा आणि चौकोनी पाइप
२.५ मिमी: ६० ते ९०, दोन ते चार मिमी, बहुतेक घरकाम यातच बसतं
३.१५ मिमी: ९० ते १३०, अँगल, चॅनल, पाच मिमीच्या पुढची पट्टी

४ मिमी रॉडच्या नादाला सिंगल फेजवर लागू नका, लाइन साथ देत नाही.

रॉड कोरडा हवा. पावसाळ्यात उघडा पुडा शेडच्या कोपऱ्यात पडलेला असतो, त्याच्या कोटिंगनं ओल धरलेली असते, मग तडतड जास्त आणि जोडात बारीक भोकं. ६०१३ ओला वाटला तर १०० डिग्रीच्या आसपास तासभर शेकला की चालतो. ७०१८ ला २५०-३५० डिग्रीची भट्टी लागते, ती नसेल तर उघडलेला जुना पुडा महत्त्वाच्या कामाला वापरू नका. कोटिंग उडालेला रॉड फेकून द्या.

७. जॉब साफ करणे आणि बसवणे

रंग, गंज, ग्रीस ग्राइंडरनं काढा, जोडापासून इंचभर तरी. हे काम मशीनपासून लांब करा. मशीनचा पंखा हवा ओढतो, ग्राइंडिंगची लोखंडी पूड आत जाते आणि बोर्डावर शॉर्ट होतं. उघडलेल्या मशीनमध्ये काळ्या पुडीचा थर हमखास निघतो.

पाच-सहा मिमीच्या वर जाडी असेल तर कडा तिरक्या घासून मध्ये व्ही करा, दोन-तीन मिमी फट ठेवा. नाहीतर वरनं छान दिसतं आणि आत लोखंड जुळलेलंच नसतं. गुण्या लावा, सी-क्लॅम्पनं आवळा. हातानं धरून ठेव म्हणून कुणाला सांगू नका.

८. आधी भंगारावर

त्याच जाडीचा तुकडा घ्या. रॉड होल्डरमध्ये उघड्या टोकानं घट्ट पकडा, केबल खांद्यावर किंवा अंगाभोवती गुंडाळू नका, कोपर कशावर तरी टेकवा. सगळ्यांना "डोळे" म्हणून आवाज द्या, काच खाली घ्या, मग आर्क.

आगपेटीवर काडी ओढतो तसा रॉड ओढायचा, आर्क लागला की उचलून रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं, २.५ च्या रॉडला अडीच मिमी. नवीन माणूस घाबरून वर उचलतो, आर्क लांब होतो आणि शिंतोडे उडतात. रॉड वितळून आखूड होत जातो, म्हणून हात चालेल तसा खालीही यायला हवा, हे अंगवळणी पडायला दहा-बारा रॉड जातात, ते जाऊ द्या. रॉड चालायच्या दिशेला १०-१५ डिग्री कललेला, आणि ढकलायचा नाही, ओढत न्यायचा. कोपऱ्याचा जोड असेल तर दोन्ही पत्र्यांच्या मध्ये ४५ ला.

नजर उजेडावर नको, त्याच्या मागच्या वितळलेल्या डबक्यावर ठेवा. डबकं दोन्ही कडांना भिडतंय का एवढंच बघत पुढं जा. आवाज कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा आला पाहिजे.

रॉड चिकटला तर? हिसके मारू नका, मनगट वळवून मोडा, नाही सुटला तर होल्डरची पकड सोडा आणि मग रॉड पक्कडीनं काढा. सारखा चिकटत असेल तर क्रमानं बघा: क्लॅम्पची जागा, लाइनचा व्होल्टेज, रॉडची ओल, आणि शेवटी अँपिअर पाच-दहानं वाढवा. लोक शेवटचं आधी करतात आणि पत्र्याला भोक पाडतात.

> तपासा: गार झाल्यावर तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोडीनं वाकवा. जोड सोलून निघाला आणि एका बाजूला लोखंड तसंच गुळगुळीत असेल तर अँपिअर कमी होते किंवा हात पळाला.

९. टाके, माप, मग पक्कं

आधी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे टाके, एक या टोकाला की दुसरा त्या टोकाला. चारही कोपऱ्यांना टाके झाले की थांबा आणि चौकटीची दोन्ही तिरकी मापं घ्या. सारखी नसतील तर आत्ता हातोडीनं सरकतं, पक्कं झाल्यावर कापावंच लागतं. गेट वाकडं झालं म्हणून येणारी जवळपास सगळी माणसं हे माप घ्यायचं विसरलेली असतात.

पक्कं करतानाही एका कोपऱ्यात सगळं संपवू नका, दीड-दोन इंच मारा, समोरच्या कोपऱ्यात जा, परत या. पातळ पाइपला तर टाक्याला टाका लावत, मध्ये गार होऊ देत. रॉड दोन इंच राहिला की सोडा, पुढं होल्डर जळतो.

मशीनला विश्रांती लागते. मागच्या पट्टीवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते, ६० टक्के म्हणजे त्या अँपिअरला दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं थांबा. मशीन तापून पिवळा दिवा लागला तर वेल्डिंग थांबवा, पण मशीन चालूच ठेवा, पंख्यानं गार होऊ द्या.

१०. स्लॅग

काळी काच वर, पण पांढरा गॉगल डोळ्यावर. स्लॅग म्हणजे जोडावर जमलेली खपली, ती गरम असताना चिपिंग हातोडीनं उडते ती थेट तोंडाकडं येते. हातोडी अंगापासून लांब मारा, मग तारेचा ब्रश. दुसरा थर मारायचा असेल तर पहिल्याची खपली कोपऱ्याकोपऱ्यातनं निघालीच पाहिजे, आत राहिली तर जोड तिथंच तडकणार. जोड गार करायला पाणी ओतू नका, कुळवाच्या पात्यासारखं कडक लोखंड असेल तर ते तडकतं. झाकून सावकाश गार होऊ द्या.

११. बंद करताना

होल्डरमधला रॉड काढा. होल्डर जॉबवर किंवा जमिनीवर टाकू नका, लाकडी खुंटीला अडकवा. पंखा तीन-चार मिनिटं चालू द्या, मग स्विच, मग प्लग, मग केबल गुंडाळा. गुंडाळता गुंडाळता हात फिरवा, कुठं चीर गेलीय का, कपलर गरम आहे का. गरम लागला तर उद्याच्या आधी उघडून साफ करा.

आणि लगेच जेवायला जाऊ नका. निदान अर्धा तास, गवत-भुसा जवळ असेल तर तासभर त्या जागेवर नजर ठेवा. फटीत, पत्र्यामागं, बारदानाच्या घडीत ठिणगी धुमसत राहते आणि माणूस गेल्यावर पेट घेते. गोठ्याचं काम असेल तर जनावरं तोपर्यंत बाहेरच बांधा.